स्कॅनएफ पुढचे इनपुट न विचारता निघून जाते किंवा लूप थांबतच नाही: कारण आणि पक्का उपाय

सी भाषेत इनपुट घेणारा पहिला बरा प्रोग्राम लिहिला की एक तक्रार हमखास पुढे येते. प्रोग्राम वय विचारतो, आपण ते टाइप करून एंटर दाबतो, त्यानंतर ‘माहिती बरोबर आहे का, हो किंवा नाही’ हा प्रश्न पडद्यावर उमटतो आणि उत्तर देण्याची संधी न देताच प्रोग्राम पुढे जातो. दुसरी तक्रार याहून त्रासदायक असते: आकडा मागितला असताना वापरणाऱ्याने चुकून अक्षर टाइप केले की तोच संदेश अखंड छापला जाऊ लागतो आणि प्रोग्राम जबरदस्तीने बंद करावा लागतो. या दोन्ही तक्रारींवर जागोजागी सुचवले जाणारे उपाय इतके निरनिराळे असतात की त्या दोन वेगळ्या समस्या आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच आहे आणि ते समजले तर उपाय पाठ करण्याची गरज उरत नाही.

इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफ या फंक्शनला ओळ ही गोष्ट ठाऊक नसते. आपण कीबोर्डवरून २५ टाइप करून एंटर दाबतो तेव्हा आपल्या दृष्टीने एक उत्तर देऊन झालेले असते, पण इनपुटच्या प्रवाहात तीन चिन्हे आलेली असतात: दोन, पाच आणि नव्या ओळीचे चिन्ह. पूर्णांक वाचणारे ‘%डी’ आधी दोन उचलते, मग पाच उचलते, मग पुढचे चिन्ह पाहते. ते अंक नाही म्हटल्यावर आकडा संपला असे ठरते आणि ते चिन्ह प्रवाहात परत ठेवले जाते. म्हणजे २५ व्हेरिएबलमध्ये गेले, नवी ओळ मात्र प्रवाहातच राहिली. आता पुढच्या स्कॅनएफमध्ये ‘%सी’ असेल तर ते कोणतेही एक चिन्ह स्वीकारते, त्यामुळे ही शिल्लक नवी ओळच उत्तर म्हणून उचलली जाते. प्रोग्रामने प्रश्न गाळलेला नाही. त्याला उत्तर मिळाले आहे, फक्त ते आपण दिलेले उत्तर नव्हे.

मग दोन आकडे लागोपाठ मागितले तर हा त्रास का होत नाही? कारण ‘%डी’, ‘%एफ’ आणि ‘%एस’ ही रूपे वाचायला सुरुवात करण्यापूर्वी स्पेस, टॅब आणि नवी ओळ अशी सगळी रिकामी चिन्हे आपणहून वगळतात. ‘%सी’ आणि चौकटी कंसातला अक्षरसंच ही रूपे तसे करत नाहीत. या एका फरकामुळे प्रोग्राम एका जागी नीट चालतो आणि दुसऱ्या जागी अडतो.

‘%सी’च्या आधी एक स्पेस देण्याचा प्रचलित उपाय याच नियमावर उभा आहे. फॉरमॅट स्ट्रिंगमधली एक स्पेस ही इनपुटमधल्या कितीही रिकाम्या चिन्हांशी जुळते, अगदी एकही नसले तरी जुळते. उपाय बरोबर आहे, पण त्याची उलट बाजू ध्यानात ठेवायला हवी. फॉरमॅट स्ट्रिंगच्या शेवटी नवी ओळ किंवा स्पेस लिहिली, म्हणजे ‘%डी’च्या पुढे तिरकी रेघ आणि एन असे लिहिले, तर आकडा देऊन एंटर दाबल्यावरही प्रोग्राम थांबूनच राहतो. रिकामी चिन्हे संपली हे कळण्यासाठी स्कॅनएफला एखादे भरलेले चिन्ह दिसावे लागते आणि तोवर ते वाट पाहत बसते. प्रिंटएफमध्ये शेवटी नवी ओळ लिहिण्याची सवय असल्यामुळे ती इथेही सहज लिहिली जाते, आणि ‘आकडा दोनदा द्यावा लागतो’ ही तिसरी तक्रार तिथून जन्माला येते.

आता न थांबणाऱ्या लूपकडे वळू. ‘%डी’ला अंकाऐवजी अक्षर दिसले की ते जुळत नाही म्हणून वाचन तिथेच थांबते आणि ते अक्षर प्रवाहात तसेच ठेवले जाते. व्हेरिएबलला हात लागत नाही. त्याला आधी मूल्य दिलेले नसेल तर त्यात काय असेल याचा भरवसा नाही. लूप पुन्हा सुरू होतो, स्कॅनएफ पुन्हा वाचायला जाते, समोर तेच अक्षर असते, पुन्हा तेच घडते. वापरणाऱ्याकडून नवे काही मागण्याची वेळच येत नाही, कारण वाचण्यासारखे काहीतरी अजून प्रवाहात पडून असते.

हे घडले हे स्कॅनएफ सांगते, पण बहुतेक प्रोग्राम ते ऐकून घेत नाहीत. किती व्हेरिएबलमध्ये मूल्य भरले गेले तो आकडा ते परत देते. एक आकडा मागितला आणि अक्षर आले तर उत्तर ० मिळते. पहिले मूल्य वाचण्याआधीच इनपुट संपले तर ईओएफ हे ऋण मूल्य मिळते. त्यामुळे परत आलेला आकडा आपण मागितलेल्या संख्येइतकाच आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावे. उत्तर शून्य नाही एवढेच पाहणे पुरत नाही, कारण ईओएफही शून्य नसते. त्याचप्रमाणे ‘उत्तर १ येईपर्यंत पुन्हा विचार’ असा लूप लिहिला आणि इनपुट मध्येच संपले तर तोही कायम फिरत राहतो. शून्य म्हणजे चुकीचे इनपुट आणि ईओएफ म्हणजे संपलेले इनपुट, या दोन अवस्थांना दोन वेगळ्या वाटा द्याव्या लागतात.

उरलेले इनपुट फेकण्यासाठी एफफ्लश या फंक्शनला एसटीडीइन, म्हणजे इनपुटचा प्रवाह, देण्याचा सल्ला अजूनही ठिकठिकाणी आढळतो. तो घेऊ नये. सी भाषेच्या प्रमाणकाने एफफ्लशचे काम आउटपुटच्या प्रवाहांपुरते ठरवले आहे आणि इनपुटच्या प्रवाहावर ते वापरले तर काय होईल हे अनिर्णित ठेवले आहे. एका कम्पायलरवर ते चालल्यासारखे दिसते, दुसऱ्यावर काहीच करत नाही. असा उपाय तपासताना यशस्वी होतो आणि नेमका दुसऱ्याच्या संगणकावर फसतो, म्हणून तो मुळीच न चालणाऱ्या उपायापेक्षा अधिक घातक आहे. फेकायचेच असेल तर गेटचारने एकेक चिन्ह वाचत नवी ओळ किंवा ईओएफ येईपर्यंत जावे, आणि वाचलेले चिन्ह इंट प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवावे. ‘चार’ या एका चिन्हासाठीच्या प्रकारात ठेवले तर ईओएफ आणि २५५ मूल्याचा बाइट यांत फरक करता येत नाही, आणि ज्या यंत्रांवर ‘चार’ हा प्रकार ऋण मूल्ये ठेवत नाही तिथे ईओएफशी तुलना कधीच खरी ठरत नाही.

एवढे करूनही माझे ठाम मत असे आहे की माणसाने टाइप केलेले इनपुट थेट स्कॅनएफने वाचूच नये. वाचणे आणि अर्थ लावणे ही दोन कामे स्कॅनएफ एकत्र करते, त्यामुळे अर्थ लावताना चूक झाली की वाचनाची जागाही बिघडते. आधी ओळ वाचणाऱ्या एफगेट्सने पूर्ण ओळ बफरमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या साठवणीत, घ्यावी आणि मग त्या ओळीचा अर्थ लावावा. ओळीत काहीही निघाले तरी ती प्रवाहातून बाहेर आलेली असते, त्यामुळे पुढचा प्रश्न स्वच्छ प्रवाहाने सुरू होतो. वर सांगितलेल्या दोन्ही तक्रारींना मग जागाच राहत नाही.

एफगेट्सला बफरचा पूर्ण आकार द्यायचा असतो. ते त्याहून एक कमी इतकीच चिन्हे वाचते आणि शेवटी शून्य बाइट ठेवते. नवी ओळ वाचली गेली तर तीही बफरमध्ये येते आणि याचा उपयोग करून घ्यावा: बफरमध्ये नवी ओळ सापडली तर ओळ पूर्ण आली आहे. सापडली नाही तर ओळ बफरपेक्षा लांब आहे किंवा शेवटच्या ओळीनंतर एंटरच नव्हता. ओळ लांब असेल तर तिचा उरलेला भाग वाचून टाकावा आणि वापरणाऱ्याला तसे सांगावे. अर्धी ओळ मुकाट स्वीकारली तर उरलेली अर्धी पुढच्या प्रश्नाचे उत्तर बनते आणि आपण पुन्हा सुरुवातीच्या ठिकाणी येतो.

ओळीतून आकडा काढण्यासाठी एटोआय वापरण्याचा मोह होतो, पण त्याला चूक सांगण्याची सोय नाही. अक्षरे दिली तरी ० आणि खरोखर शून्य दिले तरी ०. आकडा इंटमध्ये मावत नसेल तर काय होईल याची हमीही नाही. स्कॅनएफच्या ‘%डी’ची स्थितीही या शेवटच्या बाबतीत वेगळी नाही: न मावणारा आकडा आला तर वर्तन अनिर्णित असते, मग परत आलेली संख्या कितीही काळजीपूर्वक तपासली तरी उपयोग होत नाही. म्हणून स्ट्रिंगमधून लाँग प्रकारचा पूर्णांक काढणारे स्ट्रटोल वापरावे. त्याला ओळ, एका पॉइंटरचा पत्ता आणि पाया म्हणून १० द्यावे, आणि बोलावण्याआधी त्रुटीचा क्रमांक साठवणारा एररनो शून्य करून ठेवावा, कारण यशस्वी झाल्यावर स्ट्रटोल तो स्वतः शून्य करत नाही.

परत आल्यावर काय तपासायचे ते एका उदाहरणावर पाहू. वापरणाऱ्याने ‘२५क’ असे (अंक इंग्रजी) टाइप केले. स्ट्रटोल २५ परत देते आणि आपला पॉइंटर ‘क’ जिथे सुरू होते तिथे नेऊन ठेवते. पॉइंटर ओळीच्या अगदी सुरुवातीलाच राहिला असता तर एकही अंक मिळाला नाही असा अर्थ झाला असता. तो पुढे सरकला आहे, पण जिथे थांबला तिथून पुढे रिकाम्या चिन्हांखेरीज काही आहे का हे पाहायला हवे. इथे ‘क’ आहे, म्हणून हे इनपुट नाकारावे की २५ स्वीकारावे हा निर्णय आपल्या हातात येतो. थेट स्कॅनएफ वापरले असते तर २५ निमूट स्वीकारले गेले असते आणि ‘क’ पुढच्या वाचनासाठी प्रवाहात दबा धरून राहिले असते. त्यानंतर एररनो पाहावा. आकडा लाँगमध्ये मावत नसेल तर त्यात ईरेंज हा ‘मर्यादेबाहेर’ असे सांगणारा क्रमांक येतो आणि परत मिळणारे मूल्य लाँगच्या कमाल किंवा किमान मर्यादेवर अडकवलेले असते. मूल्य इंटमध्ये ठेवायचे असेल तर आणखी एक तुलना लागते. ३२ बिटांच्या इंटची मर्यादा −२१४७४८३६४८ ते २१४७४८३६४७ असते, तर ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो आणि विंडोजवर तो ३२ बिटांचाच राहतो. विंडोजवर ही तुलना अनावश्यक वाटते म्हणून गाळली की तोच प्रोग्राम लिनक्सवर मोठ्या आकड्याची मोडतोड करून साठवतो.

हे सगळे एका लहानशा फंक्शनमध्ये बंद करावे, जे यश किंवा अपयश परत देईल आणि मूल्य पॉइंटरमधून पोहोचवेल. ते एकदा नीट लिहिले की सगळीकडे तेच वापरता येते.

ओळीचा साचा ठरलेला असेल, उदाहरणार्थ वर्ष-महिना-दिवस अशी तारीख, तेव्हा एफगेट्सने घेतलेल्या ओळीवर एसस्कॅनएफ, म्हणजे स्ट्रिंगमधून वाचणारे स्कॅनएफ, चालवणे सोयीचे असते. इथे तीन फसव्या जागा आहेत. पहिली म्हणजे ‘%डी’ऐवजी ‘%आय’ लिहिणे. ‘%आय’ आकड्याच्या सुरुवातीवरून पाया ठरवते आणि पुढे शून्य असेल तर आठच्या पायाने वाचते. ०१ ते ०७ या महिन्यांत काहीच जाणवत नाही, पण ०८ आले की आठ हा अंक त्या पायात नसल्यामुळे वाचन शून्यावर थांबते आणि तारीख मोडते. वर्षाच्या पूर्वार्धात तपासलेला प्रोग्राम ऑगस्टमध्ये बंद पडतो तो अशा कारणाने. स्ट्रटोलला पाया म्हणून ० दिल्यास हेच होते, म्हणून १० स्पष्ट लिहावा. दुसरी जागा म्हणजे मधल्या रेघा विसरणे. नुसते तीन ‘%डी’ लिहिले तर २०२४-०२-१५ मधून २०२४, −२ आणि −१५ मिळतात आणि परत आलेली संख्या ३ असल्यामुळे सगळे सुरळीत झाल्यासारखे दिसते. तिसरी जागा म्हणजे शेवटी उरलेला कचरा. तो पकडण्यासाठी फॉरमॅटच्या शेवटी एक स्पेस आणि ‘%एन’ लिहावे. ‘%एन’ तिथवर वाचलेल्या बाइटांची संख्या देते, त्या जागी ओळ संपली आहे का ते पाहावे. परत येणाऱ्या संख्येत ‘%एन’ मोजले जात नाही आणि आधीच अडखळले तर तिथे पोहोचणेच होत नाही, म्हणून ते व्हेरिएबल आधी −१ करून ठेवावे. आणि साचा जुळला म्हणजे तारीख खरी ठरली असे नाही. २०२४-०२-३१ या सगळ्या तपासण्यांतून पार होते. दिनदर्शिकेशी मेळ घालण्याचे काम वेगळेच आहे.

एसस्कॅनएफने फार मोठी स्ट्रिंग तुकड्या-तुकड्याने वाचू नये. त्याच्या अनेक आवृत्त्या प्रत्येक वेळी सगळी स्ट्रिंग शेवटपर्यंत मोजतात, त्यामुळे मजकूर दुप्पट झाला की वेळ चौपट होतो. ग्रँड थेफ्ट ऑटो ऑनलाइन हा खेळ सुरू व्हायला लागणाऱ्या कित्येक मिनिटांमागे सुमारे १० मेगाबाइटच्या एका फाइलचे असे वाचन हे एक मोठे कारण होते, असे २०२१ साली उघड झाले आणि नंतर ते दुरुस्त करण्यात आले. ओळीओळीने वाचले तर हा प्रश्नच येत नाही.

शब्द वाचताना ‘%एस’ला रुंदी दिली नाही तर बफर कितीही लहान असो, ते पुढचे रिकामे चिन्ह येईपर्यंत लिहीतच राहते. ओळ वाचणाऱ्या गेट्स या जुन्या फंक्शनचा दोषही बफरची मर्यादा न पाळण्याचाच होता. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने फिंगर या नेटवर्क सेवेतल्या गेट्सचा असाच फायदा घेतला होता, आणि अखेर २०११ च्या सी प्रमाणकातून गेट्स काढून टाकले गेले. १० बाइटांच्या बफरसाठी ‘%’ आणि ‘एस’ यांच्यामध्ये ९ लिहावे, कारण शेवटचा शून्य बाइट त्या रुंदीत धरला जात नाही. एफगेट्सला मात्र पूर्ण १० द्यायचे असतात. शिवाय ही मोजणी बाइटांची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे ९ बाइटांत जेमतेम तीन चिन्हे बसतात. देवनागरी अंकांचेही तसेच: पायथॉनचे इंट ते ओळखते, सीचे स्ट्रटोल ओळखत नाही.

दशांश संख्यांबाबत एवढेच सांगतो की डबलसाठी स्कॅनएफमध्ये ‘%एलएफ’ लागते. प्रिंटएफमध्ये ‘%एफ’ चालते, कारण तिथे फ्लोट आपोआप डबल होऊन जातो. स्कॅनएफला पॉइंटर मिळतो आणि पॉइंटरच्या बाबतीत असे रूपांतर होत नाही. तसेच प्रदेशानुसार लेखनाच्या रूढी बदलणारे सेटलोकेल बोलावलेले असेल तर दशांशचिन्ह स्वल्पविराम होऊ शकते आणि मग ३.१४ मधून नुसते ३ मिळते.

फाइलमधून वाचताना दिसणाऱ्या काही तक्रारी या सगळ्याच्या सख्ख्या भावंडांसारख्या आहेत. विंडोजवर बनलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी नव्या ओळीच्या आधी कॅरेज रिटर्न असते. लिनक्सवर वाचताना आकड्यांचे काही बिघडत नाही, कारण ते चिन्ह रिकामे मानले जाते, पण एफगेट्सने घेतलेल्या शब्दाची तुलना मात्र डोळ्यांना सारखी दिसत असूनही फसते. स्ट्रसीस्पनला कॅरेज रिटर्न आणि नवी ओळ अशी दोन्ही चिन्हे देऊन मिळालेल्या जागी ओळ कापावी. फक्त पहिल्याच ओळीतला आकडा वाचला जात नसेल तर फाइलीच्या आरंभी बीओएम या एन्कोडिंगच्या खुणेचे तीन बाइट आहेत का ते पाहावे. शेवटची ओळ दोनदा येत असेल तर लूपची अट फाइल संपली का हे सांगणाऱ्या एफईओएफवर आहे असे समजावे. ते वाचन अयशस्वी झाल्यानंतरच खरे होते, म्हणून अट एफगेट्सच्या उत्तरावरच ठेवावी. स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळीतले रिकामे रकाने नाहीसे होऊन पुढचे रकाने डावीकडे सरकत असतील तर तो ओळीचे तुकडे करणाऱ्या स्ट्रटोकचा स्वभाव आहे. लागोपाठची विभाजक चिन्हे ते एकच धरते.

सी प्लस प्लसमध्ये सीइनने आकडा घेऊन लगेच गेटलाइन लिहिले की रिकामी ओळ मिळते, आणि जावामध्ये स्कॅनरच्या नेक्स्टइंटनंतर नेक्स्टलाइन लिहिले तरी तेच होते. कारण अक्षरशः तेच, शिल्लक नवी ओळ. चुकीच्या इनपुटनंतर सी प्लस प्लसमध्ये आधी क्लिअर आणि मग इग्नोर असाच क्रम हवा, कारण बिघडलेल्या अवस्थेतला प्रवाह इग्नोरलाही दाद देत नाही. जावामध्ये अपवाद पकडला तरी चुकीचा शब्द तिथेच राहतो, तो वेगळा वाचून टाकावा लागतो.

एवढे करूनही दोष सापडत नसेल तर अंदाज बांधत न बसता वाचलेली ओळ बाइट-बाइट करून छापावी, प्रत्येक बाइट सोळाच्या पायात आणि दोन्ही बाजूंना चौकटी कंस देऊन. फाइल असेल तर ओडी ही कमांड उणे सी या पर्यायासह चालवली की कॅरेज रिटर्न आणि टॅब लगेच उघडे पडतात. जीसीसी या कम्पायलरला वॉल हा पर्याय दिला तर फॉरमॅट आणि व्हेरिएबलचा प्रकार यांतला मेळ नसणे तो स्वतःच दाखवतो. शेवटी प्रोग्रामला मुद्दाम रिकामी ओळ, नुसत्या स्पेस, अक्षर, ‘२५क’, वीस अंकी आकडा, बफरपेक्षा लांब ओळ आणि शेवटी एंटर नसलेली फाइल असे सर्व देऊन पाहावे, आणि लिनक्सवर कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड दाबून मध्येच इनपुट संपवूनही पाहावे. यांपैकी कशानेही लूप सुटला किंवा प्रश्न गळला, तर त्या ठिकाणी परत आलेले उत्तर तपासायचे राहिले आहे.